वाकडचा फ्लॅट, नाशिकच्या फेऱ्या आणि वाघोलीचं पीजी: प्रवासखर्चाच्या वजावटीचं एक प्रकरण

कोथरूडला राहणारे ६२ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ आर्थिक वर्ष २०२४-२५ चं आयकर रिटर्न भरायला आपल्या सीएकडे गेले, तेव्हा सोबत दोनशे पानी वही होती. भाड्याच्या जागांसाठी वर्षभर केलेला प्रवास त्यात तारखेनिशी लिहिलेला होता आणि शेवटच्या पानावर लाल शाईत बेरीज: ५९,२१० रुपये. मागणी सरळ होती. "मॅडम, एवढे भाड्यातून वजा करा. यातला एक रुपयाही खोटा नाही."

खोटा नव्हताच. तरीही रिटर्नमध्ये प्रवासखर्च म्हणून वजा झाले १५,४९० रुपये. बाकीचे का गेले हे समजून घेणं पुण्यातल्या हजारो घरमालकांच्या कामाचं आहे. बहुतेक जण "पावती आहे का?" या प्रश्नापासून सुरुवात करतात. खरा पहिला प्रश्न वेगळा आहे: हे उत्पन्न कायद्याच्या कोणत्या शीर्षाखाली येतं?

जागा तीन, उत्पन्न दोन प्रकारचं

पहिली जागा वाकडचा टू बीएचके. स्वतःच्या नावावर, कर्ज चालू, भाडं महिना २९,०००, वर्षभर भाडेकरू होता. दुसरी नाशिकचा फ्लॅट. तोही स्वतःचा, कर्ज फिटलेलं, भाडं १५,०००, पण वर्षात आठच महिने भाडेकरू. चार महिने रिकामा. तिसरी जागा त्यांची नाही. वाघोलीतला थ्री बीएचके त्यांनी जून २०२४ पासून महिना २७,००० भाड्याने घेतला आणि तिथे इंजिनिअरिंगच्या सहा मुलींसाठी पीजी सुरू केलं. खाट, गादी, दोन वेळचा डबा, वायफाय, साफसफाई असं सगळं धरून दर मुलीमागे ९,५०० रुपये.

वहीत तिन्ही जागांचा खर्च एकाखाली एक लिहिलेला होता. नाशिकला कारने सात फेऱ्या: पेट्रोल १९,५५०, टोल २,९४०, लॉज ३,६००, जेवणखाण ४,२००, एकूण ३०,२९०. वाकडला २२ फेऱ्या, पेट्रोल आणि रिक्षा मिळून ५,४४०. वाघोलीचे २३,४८०. माणसाला तिन्ही खर्च सारखेच वाटतात, कारण पैसे एकाच खिशातून जातात. कायद्याला ते सारखे वाटत नाहीत.

स्वतःच्या घराचं भाडं: ३० टक्क्यांत सगळं आलं

स्वतःच्या मालकीच्या इमारतीचं भाडं 'घरमालमत्तेपासूनचं उत्पन्न' या शीर्षाखाली मोजतात. आयकर कायदा १९६१ च्या कलम २२ ते २७ मध्ये हे सगळं आहे आणि त्यातला आपल्या कामाचा भाग म्हणजे कलम २४. तिथे वजावटी फक्त दोन. २४(ए) खाली वार्षिक मूल्याच्या (भाड्यातून भरलेला मिळकतकर गेल्यावर उरणाऱ्या रकमेच्या) सरसकट ३० टक्के, आणि २४(बी) खाली कर्जाचं व्याज. तिसरी नाहीच. रंगकाम, प्लंबर, दलाली, विमा, भाडं आणायला गेल्याचा खर्च, नवीन भाडेकरूला फ्लॅट दाखवायला मारलेली चक्कर, हे सगळं त्या ३० टक्क्यांत धरलेलं आहे. एक पैसा खर्च न करताही ३० टक्के मिळतात, आणि ५० टक्के खर्च झाला तरी ३० टक्केच मिळतात.

पूर्वी असं नव्हतं. २००१ च्या वित्त कायद्यापर्यंत या कलमात दुरुस्ती आणि वसुलीसाठी ठरावीक हिस्सा, विम्याचा हप्ता, भूभाडं, जमीन महसूल अशी यादी होती. आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या पुढचं वर्ष) २००२-०३ पासून ती काढून एकच सरसकट दर आला. जुन्या काळी रिटर्न भरलेल्या मंडळींच्या डोक्यात ती यादी अजून असते, आणि "वसुलीचा खर्च मिळतो" हे वाक्य घरोघरी तिथूनच चालत आलेलं आहे.

या गृहस्थांच्या बाबतीत गैरसमजाचं आणखी एक मूळ होतं. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते, तिथे तिचं एक घर भाड्याने दिलेलं आहे, आणि ती आपल्या अमेरिकी रिटर्नच्या 'शेड्यूल ई'मध्ये गाडी आणि प्रवासाचा खर्च दरवर्षी दाखवते. त्या फॉर्मवर त्यासाठी स्वतंत्र ओळ आहे, आणि २०२४ साठी मैलामागे ६७ सेंट असा दरही होता. तिचं बरोबर आहे. पण तो तिथला कायदा. आपल्याकडे घरमालकाला किलोमीटरमागे काही दर ठरवलेला नाही आणि आयटीआरच्या घरमालमत्तेच्या तक्त्यात प्रवासखर्च लिहायला रकानाच नाही.

आता आकडे. वाकडचं भाडं ३,४८,०००. त्यातून पिंपरी-चिंचवड महापालिकेला भरलेला मिळकतकर ११,४०० वजा केला की वार्षिक मूल्य ३,३६,६००. त्याचे ३० टक्के १,००,९८०, व्याज १,६२,०००. उरलं ७३,६२०. नाशिकचं प्रत्यक्ष भाडं आठ महिन्यांचं १,२०,०००. रिकाम्या चार महिन्यांचं भाडं कलम २३(१)(सी) मुळे धरावं लागलं नाही. घरपट्टी ६,२०० गेली, वार्षिक मूल्य १,१३,८००, ३० टक्के ३४,१४०, उरलं ७९,६६०. दोन्ही मिळून १,५३,२८०.

मिळकतकराबद्दल दोन गोष्टी, कारण इथेच हक्काची वजावट हातची जाते. तो मालकानेच भरलेला हवा आणि त्याच आर्थिक वर्षात भरलेला हवा. बिल कोणत्या वर्षाचं आहे याला महत्त्व नाही. ३१ मार्चच्या आत भरला तर या वर्षी मिळाला, एप्रिलमध्ये भरला तर पुढच्या वर्षी. पुणे महापालिकेच्या हद्दीतला फ्लॅट भाड्याने दिला की स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत राहत नाही, बिल वाढतं. पण ते वाढीव बिलही पूर्ण वजा होतं. मिळकतकर ३० टक्क्यांच्या आधी वजा होतो, त्यात मुरत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यातून आधीच कापावा की नाही हा जुना वाद आहे आणि त्यात काही न्यायाधिकरणांनी मालकांच्या बाजूने निकाल दिलेले आहेत. प्रवासखर्चाला मात्र तो आधार जोडता येत नाही. मेंटेनन्स त्या जागेवरचाच आकार असतो; प्रवास मालकाचा असतो.

"मग भाडंच कमी दाखवलं तर?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि तो मनापासून विचारलेला असतो. रकाना नाही ना, मग ३,४८,००० ऐवजी खर्च वजा जाता आकडा टाकू. हे करू नये. का ते या प्रकरणाच्या आकड्यांत पाहा.

दोन्ही स्वतःच्या फ्लॅटचा प्रवासखर्च ३५,७३०. तेवढं भाडं कमी दाखवलं तर ३० टक्क्यांची वजावटही तेवढ्या प्रमाणात घटते. म्हणजे उत्पन्न कमी होतं ते ३५,७३० ने नाही, त्याच्या ७० टक्क्यांनी, २५,०११ ने. नव्या करप्रणालीत त्यांचा वरचा टप्पा १० टक्क्यांचा. कर वाचला असता २,५०१ आणि उपकर १००, एकूण २,६०१ रुपये. आणि पकडलं गेलं तर? वस्तुस्थिती लपवून उत्पन्न कमी दाखवलं, तर कलम २७०ए खाली त्यावरच्या कराच्या २०० टक्के दंड, वर मूळ कर आणि व्याज. पकडलं जाणं अवघडही नाही. वाकडचा भाडेकरू नोकरदार आहे, तो एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सवलत घेतो, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असल्याने कंपनीला घरमालकाचा पॅन द्यावाच लागतो. त्याच्या कागदावर ३,४८,००० आणि मालकाच्या रिटर्नमध्ये त्याहून कमी, ही तफावत संगणक शोधतो. भाडं महिना ५०,००० च्या वर असतं तर भाडेकरूने टीडीएसही कापला असता (१ ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के) आणि आकडा थेट मालकाच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात) उमटला असता.

शिवाय तक्रारीला तरी जागा आहे का, हेही तपासून पाहिलं. दोन्ही फ्लॅटवर ३० टक्क्यांपोटी मिळाले १,३५,१२०. प्रत्यक्ष खर्च: प्रवास ३५,७३०, दुरुस्ती-रंग ४१,३००, नाशिकची दलाली १५,०००. बेरीज ९२,०३०. म्हणजे ४३,०९० रुपये न खर्चताच वजा झाले. एकूण हिशेबात सरसकट दराने त्यांचं भलंच केलेलं आहे. नाशिक वेगळं काढलं तर चित्र उलटं दिसतं. त्याकडे शेवटी येऊ.

दुसरी पळवाट त्यांनी सुचवली ती फर्निचरची. वाकडच्या फ्लॅटमध्ये सोफा, एसी, मॉड्युलर किचन आहे, मग हे उत्पन्न 'इतर स्रोतां'त नेता येईल का? तिथे कलम ५७(३) खाली उत्पन्न मिळवण्यासाठीच झालेला खर्च मिळतो. कायद्यात ही सोय आहे खरी, कलम ५६(२)(३) मध्ये. पण ती इमारत आणि सामान एकमेकांपासून वेगळं भाड्याने देताच येणार नाही अशा व्यवहारासाठी. सुलतान ब्रदर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये हीच कसोटी लावली: दोन्ही मिळून एकच भाडेपट्टा करायचा हा दोन्ही पक्षांचा हेतू होता का? वाकडचा फ्लॅट सोफ्याशिवायही उद्या भाड्याने जाईल. करारात भाडं एकरकमी आहे एवढ्याने तो अविभाज्य होत नाही.

वाघोली: इथे वही कामाची

वाघोलीच्या जागेचे ते मालक नाहीत. त्यामुळे घरमालमत्तेचं शीर्ष लागूच होत नाही. शिवाय ते नुसती जागा देत नाहीत. डबा, साफसफाई, वायफाय, खाटेखाटेचा हिशेब, मुली बदलल्या की नवीन प्रवेश, हे सगळं चालवतात. हा व्यवसाय आहे, आणि व्यवसायात कलम ३७(१) खाली पूर्णपणे आणि निव्वळ व्यवसायासाठी झालेला महसुली खर्च वजा होतो. प्रवासही.

पण आधी मुळातले कागद तपासले. जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत आहे का, आणि त्यात पीजी चालवायची परवानगी लिहिलेली आहे का? दोन्ही होतं. ही ओळ नसती तर जागामालक कधीही बाहेर काढू शकला असता, आणि दिलेलं २,७०,००० भाडं व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवताना विनाकारण प्रश्न आले असते. जीएसटीची चिंता नव्हती, कारण उलाढाल २० लाखांच्या खूप खाली.

दहा महिन्यांत साठ खाटा-महिने, त्यातले चार रिकामे. जमा ५,३२,०००. खर्च: भाडं २,७०,०००, डबे १,४०,०००, वीज-गॅस-वायफाय ३१,६००, मावशींचा पगार ३५,०००. उरले ५५,४००. खाटा, गाद्या, कपाटं ५२,००० ची; त्यावर १० टक्के घसारा (झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट) ५,२००. प्रवास धरण्याआधी नफा ५०,२००.

आता वहीतले २३,४८० रुपये ओळीओळीने चाळले.

टेम्पोचं भाडं २,२०० प्रवासखर्चात लिहिलं होतं. ते खाटा आणण्याचं भाडं. वस्तू जागेवर आणून बसवेपर्यंतचा खर्च वस्तूच्या किमतीत जातो, म्हणून ४९,८०० चं सामान ५२,००० चं झालं आणि टेम्पोचे पैसे दरवर्षी थोडे थोडे घसाऱ्यातून मिळतील.

मेट्रो आणि बसच्या ३४ फेऱ्या, ३,४०० रुपये, पूर्ण मान्य. वनाजहून रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे नगर रस्त्याने पीएमपीएमएलची बस. तिकिटं मोबाइलवर काढलेली, त्यामुळे तारीख, वेळ आणि रक्कम आपोआप नोंदलेली. पुरावा म्हणून याहून स्वच्छ काही नाही, आणि नगर रस्त्यावरचा संध्याकाळचा ट्रॅफिक पाहता वेळही वाचतो. कारच्या नऊ फेऱ्या, २,८१०, याही मान्य. दरवेळी गाद्या, गॅस शेगडी, फिल्टर असं काहीतरी नेलेलं होतं आणि त्याच तारखेची खरेदीची बिलं होती.

खरा वेळ गेला तो स्कूटरवर. वहीत ६१ फेऱ्या, येऊनजाऊन ४८ किलोमीटर, लिटरला ४५ चा ॲव्हरेज, पेट्रोल १०४ रुपये. हिशेब ६,७७० चा. त्यातल्या सहा फेऱ्यांपुढे कामाच्या रकान्यात एवढंच होतं: "चक्कर". कोणाला भेटले, काय केलं, काही नाही. त्या सहा काढून टाकल्या. घरापासून धंद्याच्या जागेपर्यंतचं रोजचं येणंजाणं अधिकारी वैयक्तिक खर्च मानू शकतो. त्यावरचं उत्तर फेरीमागच्या ठरावीक कामात असतं: प्रवेशाचे पैसे आणि ओळखपत्र घेतलं, डबेवालीचा हिशेब केला, गिझर दुरुस्तीच्या वेळी हजर राहिलो. "चक्कर" या शब्दात असं उत्तर नाही. उरल्या ५५ फेऱ्या, २,६४० किलोमीटर, ६,१०० रुपये.

जूनच्या पानावर आणखी एक गोष्ट सापडली. एका ओळीची तारीख होती "३१ जून", आणि त्या पानावरच्या सगळ्या ओळी एकाच पेनाने, एकाच दाबाने लिहिलेल्या. विचारल्यावर त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की जून-जुलैची पानं ऑगस्टमध्ये आठवून लिहिली. फेऱ्या खऱ्या होत्या. मुलींनी त्या त्या दिवशी यूपीआयने भरलेले पैसे आणि प्लंबर, इलेक्ट्रिशियनला दिलेले पैसे यांच्याशी ताडून तारखा दुरुस्त केल्या. पण सहा महिन्यांनी अधिकाऱ्यापुढे हे पान असं गेलं असतं, तर एका ३१ जूनमुळे उरलेल्या सगळ्या वहीवरचा विश्वास उडाला असता. आठवून लिहिलेली वही आणि रोज लिहिलेली वही यांतला फरक कोणालाही दिसतो.

स्कूटरच्या देखभालीचे ८,३०० रुपये (सर्व्हिसिंग, विमा, एक टायर) त्यांनी पूर्ण लिहिले होते. स्कूटर भाजी आणायलाही जाते, म्हणून तेवढंच प्रमाण घ्यायचं जेवढा धंद्यासाठी वापर. हा दंडक कलम ३८(२) चा. एकूण किलोमीटर कसे काढायचे? सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर प्रत्येक वेळी मीटरचं रीडिंग छापलेलं असतं. दोन कार्डांवरून वर्षाचं फिरणं ६,९०० किलोमीटर निघालं. २,६४० म्हणजे ३८ टक्क्यांहून किंचित जास्त, वजावट ३,१८०. स्कूटर जुनी आहे, तिच्या घसाऱ्यातून हाती काही लागणार नव्हतं, तो सोडून दिला. कोणी नवी गाडी घेतली असेल तर सोडू नये; १५ टक्के घसारा, धंद्याच्या वापराच्या प्रमाणात.

बेरीज १५,४९०. पीजीचा नफा ३४,७१०.

४४एडीचा पर्याय

इथे कुणी विचारील की एवढी चाळणी कशाला? कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं. बरोबर आहे. बँकेतून आलेल्या ४,१८,००० वर ६ टक्के आणि रोखीच्या १,१४,००० वर ८ टक्के धरले तर नफा ३४,२००. वही लिहून आलेला नफा ३४,७१०. फरक ५१० रुपयांचा! शिवाय ४४एडीत आगाऊ कराचा एकच हप्ता १५ मार्चला भरायचा असतो. या एका वर्षापुरतं ४४एडी स्वस्त पडलं असतं, हे मान्यच करायला हवं.

तरी सीएंनी हिशेबाचाच मार्ग धरला, आणि तो योग्य होता. पुढच्या वर्षी हे गृहस्थ वाघोलीतच दुसरी जागा घेणार आहेत. पहिले काही महिने खाटा रिकाम्या, भाडं मात्र चालू. तोटा होऊ शकतो. ४४एडीत तोटा दाखवता येत नाही. एकदा ते कलम धरून पुढच्या पाच वर्षांत सोडलं, तर नंतर पाच वर्षं परत घेता येत नाही, आणि त्या काळात एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असलं की ऑडिटही लागतं. जे मुळात कधी त्यात शिरलेच नाहीत त्यांना हे बंधन नाही. ज्यांचं एकच, स्थिर चाललेलं पीजी आहे त्यांनी मात्र ४४एडीचा विचार जरूर करावा, आणि तो करताना लक्षात ठेवावं की प्रवासखर्च त्या टक्क्यांतच आला, वेगळा मागता येत नाही.

आणखी एका गोष्टीची किंमत प्रवासखर्चाच्या सगळ्या वादापेक्षा जास्त निघाली. साठ वर्षांवरच्या निवासी व्यक्तीला आगाऊ कर भरावा लागत नाही, पण व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. पीजी सुरू झालं आणि ही सवलत गेली. पेन्शन ७,२०,०००, प्रमाणित वजावट ७५,००० गेल्यावर ६,४५,०००. तेवढ्यावर नव्या प्रणालीत कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य, म्हणून पेन्शनमधून टीडीएस कापलाच गेला नाही. भाडं आणि पीजी धरून एकूण उत्पन्न झालं ८,३२,९९०, कर उपकरासह ३४,६३१, आणि त्यातला एक रुपयाही ३१ मार्चपर्यंत भरलेला नव्हता. ऑगस्टमध्ये रिटर्न भरताना आगाऊ कर न भरल्याबद्दल कलम २३४बी आणि २३४सी चं व्याज सुमारे ३,४७० रुपये द्यावं लागलं. भाडं लपवून वाचले असते ते २,६०१. जूनमध्ये पीजी सुरू झालं त्याच आठवड्यात ही गोष्ट विचारली असती तर हे पैसे वाचले असते. पंधरा जून, पंधरा सप्टेंबर, पंधरा डिसेंबर, पंधरा मार्च या चार तारखा त्यांच्या कॅलेंडरवर आता ठळक आहेत. फॉर्मही बदलला: आतापर्यंत आयटीआर-२, या वर्षीपासून आयटीआर-३.

हेच पीजी स्वतःच्या फ्लॅटमध्ये असतं तर

वाकडचा भाडेकरू गेला की तिथेही पीजी काढावं आणि खर्च वजा करावा, असा त्यांचा बेत होता. इथे सावध राहायला हवं. आकारणी वर्ष २०२५-२६ पासून कलम २८ मध्ये स्पष्टीकरण आलं आहे: मालकाने निवासी घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला, तर ते उत्पन्न व्यवसायाचं धरायचं नाही, घरमालमत्तेचंच धरायचं. दुकान, ऑफिस, गोदाम यांना हे लागू नाही, घराला आहे. म्हणजे जागेच्या भाड्यापुरते पुन्हा ३० टक्के. डबा आणि साफसफाई हे भाडं नव्हे, ती सेवा आहे. तिचे पैसे वेगळे आकारले, पावतीवर वेगळे दाखवले, तर त्या भागापुरता व्यवसायाचा हिशेब आणि त्याला लागणारा प्रवास मागायला जागा उरते. सगळं मिळून ९,५०० अशी एकच पावती दिली तर ती जागा आपण स्वतःच बंद करतो. पावतीपुस्तक छापायला टाकण्याआधी हा विचार व्हायला हवा.

१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर कायदा २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले; इथे दिलेले आयकराचे क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत. घरभाड्यावरचे सरसकट ३० टक्के तसेच आहेत.

नाशिकचं काय

नाशिकच्या फ्लॅटने वर्षभरात १,२०,००० आणले. घरपट्टी ६,२००, प्रवास ३०,२९०, दलाली १५,०००, दुरुस्ती १८,३०० गेली. हातात उरले ५०,२१०, आणि कर बसला ७९,६६० वर. वाकडच्या न वापरलेल्या ३० टक्क्यांतून इथली तूट भरून निघत असली, तरी फ्लॅट म्हणून नाशिकचा हिशेब वाईट आहे, आणि कोणतीही वजावट तो सुधारू शकत नाही. फेऱ्या कमी करणं हाच उपाय.

सात फेऱ्या कशासाठी झाल्या ते वहीतच होतं. दोन नव्या भाडेकरूच्या कराराच्या, दोन इच्छुकांना फ्लॅट दाखवण्याच्या, एक गळतीची, एक सोसायटीच्या सभेची, एक जुन्या भाडेकरूकडून किल्ली घेण्याची. कराराच्या दोन्ही अनावश्यक होत्या. लिव्ह अँड लायसन्सची ई-नोंदणी महाराष्ट्रात घरबसल्या होते. मालकाचा अंगठा कोथरूडला आणि भाडेकरूचा नाशिकला घेता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के (डिपॉझिटवरचं १० टक्के मानीव व्याज त्यात धरून) आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नाशिकच्या एका फेरीला सरासरी ४,३०० हून जास्त लागले होते. करार नोंदवणं ही भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, त्यामुळे ते टाळायचं नाही, फक्त प्रवास टाळायचा. फ्लॅट दाखवायला सोसायटीतलेच एक ओळखीचे गृहस्थ तयार झाले, गळतीसाठी व्हिडिओ कॉलवर प्लंबरशी बोलणं ठरलं. वर्षाला दोन फेऱ्या पुरतील असा अंदाज आहे.

तेवढ्यानेही जमलं नाही तर ते फ्लॅट विकतील. तेव्हा मात्र वही पुन्हा उघडावी लागेल: निव्वळ विक्रीसाठी झालेला खर्च कलम ४८ खाली भांडवली नफ्यातून वजा होतो, आणि खरेदीखतावर सही करायला निबंधक कार्यालयात गेल्याचा प्रवास त्यात मागता येतो. ती फेरी भाडेकरूच्या किल्लीच्या फेरीत मिसळायची नाही. तिची तिकिटं आणि टोलचं स्टेटमेंट खरेदीखताच्या फाइलमध्येच ठेवायचं.